देवडीवर थांबा

पडद्यावर काळी खिडकी. पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत, पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी एक ओळ टाइप करते: एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरायचा प्रोग्राम), मग आपलं यूझरनेम, ॲट, आणि यंत्राचा पत्ता. एंटर.

यंत्राचं नाव परम ब्रह्म. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनं उभारलेला हा महासंगणक २०१९ मध्ये आयसरमध्ये आला. तेव्हा त्याची कमाल क्षमता होती ७९७ टेराफ्लॉप्स; म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी. एवढं अवाढव्य यंत्र, पण आत शिरायला ही एवढीच ओळ.

पहिल्यांदा येणाऱ्याला दारातच अडवलं जातं. अक्षरं-अंकांची एक अगम्य माळ उमटते आणि विचारणा होते: पुढे जायचं? बहुतेक जण माळेकडे ढुंकूनही न बघता 'येस' टाइप करून मोकळे होतात. पण ती माळ म्हणजे यंत्राचा अंगठा. आधी यंत्र आपली ओळख देतं, मग तुमची विचारतं. संस्थेनं कळवलेल्या ठशाशी हा ठसा जुळला नाही, तर पलीकडे तोतया असू शकतो, आणि तुम्ही पासवर्ड त्याच्याच हाती द्याल.

दाराची ही राखण फिनलंडमधली. साल १९९५. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत होतं. टिपायला कष्टही नव्हते. दूरच्या यंत्रात शिरायच्या जुन्या पद्धतीत, टेलनेटवरून, पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जायचा. तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळा संवाद कुलूपबंद करणारा एसएसएच लिहिला. यंत्रावर प्रत्येक सेवेला दाराचा एक क्रमांक असतो, तो पोर्ट. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ त्यांनी मागितलं आणि मिळालंही.

आता पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काहीच हलत नाही; टिंब नाही, चांदणी नाही. नवख्याला वाटतं, कीबोर्डच गेला.

प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या आज्ञेची वाट बघणारी ओळ, दिसला. आलो आत?

छे, ही नुसती देवडी. वाड्यात आल्यागेल्याला देवडीवर थांबवायचे, तसा हा लॉगिन नोड, आत येणाऱ्या सगळ्यांचा सामायिक संगणक. इथे फाइल नीट करायची, प्रोग्राम कंपाइल करायचा, बस्स. मोठी आकडेमोड इथेच सुरू केलीत, तर देवडीवर बसलेल्या सगळ्यांचंच टायपिंग अडखळतं. मग ॲडमिन तुमचं काम बंद पाडतो, आणि वर खरमरीत ईमेल.

आतल्या चौकात, खरी आकडेमोड करणाऱ्या कंप्यूट नोड्सवर, काम पाठवायचं ते चिठ्ठी देऊन. किती कोअर (प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे भाग) हवेत, किती मेमरी, किती तास, हे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहायचं आणि एसबॅच म्हणायचं. स्लर्म नावाचा कारभारी ती चिठ्ठी रांगेत लावतो. तास मोजूनमापून मागावेत. कमी मागितले तर काम अर्ध्यात तुटतं, उगाच जास्त मागितले तर नंबर लांबतो.

रांग बघायला विद्यार्थिनी एसक्यू (squeue) टाइप करते. नावापुढे दोन अक्षरं: पीडी. पेंडिंग.

ती 'एक्झिट' टाइप करते, लॅपटॉप मिटते आणि मेसकडे निघते. रांगेला तिनं तिथं बसून राहायची गरज नाही. पहाटे कधीतरी पीडीच्या जागी आर येईल. रनिंग.