आधी सर्दी, मग कान: चिंचिलाच्या कानातून लहान मुलांचा आजार

[दृश्य: टेबलावर चिंचिलाची कवटी, कॅमेरा वरून]

लहान मुलांचा मधला कान संसर्गाने पिकतो, तो आजार प्रयोगशाळेत चिंचिला या उंदराच्या जातकुळीतल्या मऊ केसांच्या प्राण्यावर अभ्यासतात. कवटीच्या मागच्या बाजूचे हे दोन फुगवटे म्हणजे त्याच्या मधल्या कानाच्या पोकळ्या. हाड इतकं पातळ, की बारीक सुई सहज आत जाते. आत दीड-दोन मिलिलिटर द्रव मावतो, म्हणून एकाच कानातून पुन्हा पुन्हा नमुना काढता येतो. उंदराच्या इवल्याशा कानात ते जमत नाही. या प्राण्याची श्रवणकक्षा माणसाच्या जवळपास आहे आणि त्याच्या कानात आपणहून सहसा पू होत नाही. 1976 साली स्कॉट गीबिंक यांच्या अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या गटाने न्यूमोकोकस या कान पिकवणाऱ्या जिवाणूच्या अभ्यासासाठी हाच प्राणी निवडला.

[दृश्य: भूल दिलेला प्राणी, खाली उबदार गादी]

केटामिन आणि झायलाझिनची भूल. भुलीत अंग थंड पडतं, म्हणून गादी. मग सुईने कानाच्या पोकळीत, 0.3 मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमधून, कान पिकवणाऱ्या हिमोफिलस इन्फ्लुएंझाचे हजारभर जिवाणू. पिचकारी सावकाश दाबायची. जोर लावला तर कानाचा पडदा फाटू शकतो. सुई खोल गेली तर आतल्या हाडांच्या साखळीला लागते. मग नंतर मोजलेला बहिरेपणा विनाकारण जिवाणूंच्या नावावर जमा होतो.

पुढे ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, पडदा बघून 0 ते 4 गुण द्यायचे: लाली, फुगवटा, मागे साचलेला द्रव. गुण देणाऱ्याला प्राण्याचा गट माहीत नसावा. कानातून काढलेला द्रव ‘चॉकलेट अगार’ या, जिवाणू वाढवायच्या रक्तमाध्यमाच्या प्लेटवर पसरायचा, कारण तापवून फुटलेल्या तांबड्या पेशींतून हिमोफिलसला वाढायला लागणारे हेमिन आणि एनएडी हे घटक मिळतात.

प्लेटवर काहीच उगवलं नाही, तरी कान स्वच्छ झाला असं समजू नये. जिवाणू आतल्या अस्तराला चिकट थर करून बसलेले असतात. हा बायोफिल्म 2002 मध्ये चिंचिलाच्या कानात दाखवला गेला आणि 2006 मध्ये, कानात नळी बसवायला आलेल्या बहुतेक मुलांच्या अस्तरातही सापडला. म्हणून नुसता द्रव नको, अस्तरही तपासायचं.

[दृश्य: नाक, घसा आणि कान जोडणारी नळी, रेखाचित्र]

पण मुलांच्या कानात जिवाणू सुईने जात नाहीत. आधी सर्दी होते. अमेरिकेतल्या कोलंबसमधल्या लॉरेन बाकालेट्झ यांच्या गटाने हाच क्रम धरला: नाकात आधी अडेनोव्हायरस हा सर्दीचा विषाणू, सुमारे आठवड्याने नाकातच हिमोफिलस. विषाणू नळीतले सूक्ष्म केस निकामी करतो, श्लेष्म साचतो, कानात दाब उणा होतो आणि जिवाणू स्वतःच वर चढतात. सगळेच कान बाधत नाहीत, म्हणून प्राणी जास्त लागतात. तरीही लस तपासायची तर हीच पद्धत धरावी. प्रोटीन-डी हे हिमोफिलसचं प्रथिन असलेली लस घेतलेल्या मुलांच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं चिंचिलांना दिली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश संरक्षण मिळालं. मुलांमधल्या चाचणीतही हिमोफिलसविरुद्ध जवळपास तेवढंच दिसलं होतं. सुईने थेट कानात सोडलेल्या जिवाणूंनी नळीचा टप्पाच गाळला असता.

जनुकांचा प्रश्न असेल तर मात्र उंदीरच घ्यावा. इंग्लंडमधल्या हार्वेलच्या प्रयोगशाळेतल्या ‘जेफ’ आणि ‘जुन्बो’ या वाणांचा कान जन्मजात दोषामुळे आपोआप बिघडतो.

औषध तपासताना सांभाळायचं ते आतड्याला. मुलांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन चिंचिलाला तोंडावाटे देऊ नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जीव जाऊ शकतो. मान एका बाजूला कलली, तोल जाऊ लागला, तर संसर्ग आतल्या कानापर्यंत पोहोचला आहे. त्या प्राण्याचा प्रयोग तिथेच थांबवायचा, आकडे अपुरे राहिले तरी.