‘इथे गरम वाटतंय’

तुमच्यापैकी काही जणांच्या मांडीवर आत्ता बाळ झोपलंय, म्हणून मी जरा हळू आवाजात बोलते. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. तुमच्या मुलांसारखा त्यालाही हिमोफिलिया आहे, तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारा आठवा फॅक्टर त्याच्या शरीरात १ टक्क्याहूनही कमी आहे. निदान झालं तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. नुकता रांगायला लागला होता आणि छातीवर, गुडघ्यांवर काळेनिळे डाग उमटत होते. ते डाग पाहून एका दवाखान्यात मला विचारलं गेलं, ‘घरात याला कोण मारतं का?’ तो प्रश्न विचारणं त्यांचं कामच होतं, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र मी बाळाला घट्ट धरून जिन्यात बसून राहिले होते.

तेव्हा मला वाटायचं की टाचणी टोचली तरी मूल रक्ताच्या थारोळ्यात पडणार. तसं होत नाही. या मुलांचं रक्त इतरांच्याच वेगानं वाहतं, थांबायला मात्र फार वेळ घेतं. खरचटलं तर दाबून धरावं, बहुतेक वेळा भागतं. घाबरायचं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताला. घोटा, गुडघा, कोपर, सगळं आतल्या आत.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. तिथे साचलेलं रक्त शोषून घ्यायचं काम त्याच्याकडे. पण त्या रक्तातलं लोह त्याला सोसत नाही. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, आणि पुढच्या वेळी त्याच सहज फाटतात. म्हणून एकदा ब्लीड, म्हणजे आत रक्तस्राव, झालेल्या सांध्यात तो पुन्हा पुन्हा होतो. ६ महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीन ब्लीड झाले की डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. पुढे कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गुळगुळीत गादी, झिजते, आणि ती परत येत नाही.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. सूज दिसायच्या आधी मुलाला कळतं. आत मुंग्या येतात, गरम वाटतं, काहीतरी फुगल्यासारखं होतं. तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही, एक्स-रेतही ते दिसणार नाही. कमी पडणारा फॅक्टर शिरेतून टोचून द्यायची खरी वेळ तीच. म्हणजे तुमच्या घरात ब्लीड सर्वांत आधी ओळखणारा माणूस तीन-चार वर्षांचा आहे, आणि त्याने तोंड उघडलं तरच उपयोग.

माझ्या मुलाने उघडलं नाही. चार वर्षांचा असताना दोन दिवस तो डावा घोटा लपवत होता. उभं राहायचं झालं की सोफ्याला टेकायचा, खेळायला बोलावलं की ‘मी चित्र काढतो’ म्हणायचा. मला कळलं तेव्हा घोटा दुप्पट झाला होता. का नाही सांगितलंस, विचारलं. मला वाटलं होतं, सुईची भीती म्हणेल. तो म्हणाला, ‘मग तू रडतेस.’

त्या रात्री मी माझ्या चेहऱ्याबद्दल पहिल्यांदा विचार केला. तो ‘दुखतंय’ म्हणाला की मी काय करायचे? आधी किंचाळायचे, मग ‘सांगितलं होतं ना पळू नकोस’, मग त्याच्या बाबांकडे रागाने पाहायचे. सांगण्याची एवढी शिक्षा मिळणार असेल तर कोणतं मूल सांगेल? आम्ही दोघांनी एक वाक्य ठरवलं, आणि तेच दर वेळी म्हणायचं: ‘बरं झालं सांगितलंस. कुठे?’ कसं लागलं, कुणी ढकललं, ते सगळं फॅक्टर दिल्यावर. कधी त्याचा अंदाज चुकायचा, एखादा डोस उगाच जायचा. तरीही मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोडलं नाही, कारण एकदा खोटं ठरवलेलं मूल दुसऱ्यांदा सांगायला येत नाही.

बोलता न येणाऱ्या बाळांचं बोलणं अंगात असतं. उजव्या हाताने खाणारं अचानक डावा हात पुढे करतं, गुडघा सरळ करत नाही, डायपर बदलताना एकाच बाजूला रडतं. त्याला हट्ट समजू नका.

डोक्याच्या माराला मात्र हा नियम नाही. तिथे मुलाच्या सांगण्याची, उलटीची, सुस्तीची वाट पाहायची नाही. जोराचा मार असेल तर आधी फॅक्टर, स्कॅन नंतर. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घरात या मुलासाठी नकोच, तापाला पॅरासिटामॉल. आणि स्नायूत घ्यायच्या प्रत्येक इंजेक्शनआधी, लसीच्याही, आपल्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारा.

आपली मुलं बऱ्या काळात जन्मली आहेत. १९६४ साली अमेरिकी संशोधक ज्युडिथ पूल यांनी गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला की तळाशी उरणाऱ्या साक्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो हे दाखवलं, त्याआधी हाताशी फारसं काहीच नव्हतं. पण दिलेला फॅक्टर साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. म्हणून ब्लीड टाळायला दिवसाआड शीर शोधणं आलं. २०१७ पासून एमिसिझुमॅब हे औषध आलंय, ते टोचायचं त्वचेखाली, आठवड्याने किंवा महिन्याने. ज्यांना मिळतंय त्यांनी जरूर घ्यावं. माझी काळजी एवढीच, की वर्षभर ब्लीड न झालेल्या मुलाला ती गरम, मुंग्यांची जाणीव ओळखू येईल का? ब्लीड तरीही होऊ शकतो, आणि तेव्हा फॅक्टरच लागतो. म्हणून त्याला ते शब्द शिकवत राहा.

आयांना एक सांगते. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून ‘माझ्याकडून आलं’ हे आपण मनात घोळवत राहतो. जवळपास एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. आणि स्वतःचीही फॅक्टरची पातळी तपासून घ्या. वाहक, म्हणजे हा जनुक असलेल्या, बाईची पातळीही कमी असू शकते, पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्त जाणं मग नुसतं ‘होतंच असं’ राहत नाही.

बाहेरच्या टेबलावर सरावाचा रबरी हात, सलाईन आणि बटरफ्लाय सुया ठेवल्या आहेत. माझा मुलगा तिथे बसलाय, गेल्या वर्षापासून तो स्वतःची शीर स्वतः शोधतो. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी आधी या. माझेही पहिले चार महिने थरथरत होते.