जळवा, डायरी आणि डोळे

नमस्कार श्रोतेहो. विषय आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आणि डोळे. एमएस म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणावर उलटते तो आजार. पण आधी एक डायरी.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, त्याचा नातू ऑगस्टस डेस्टे. साल १८२२, डिसेंबर महिना. वडिलांच्या जागी मानलेल्या एका नातलगाला भेटायला तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला, तर नातलग आधीच वारलेला. अंत्यविधी उरकला, पत्रं हातात घेतली, आणि बारीक अक्षर लागेना! वाचायला माणूस, उत्तर लिहायलाही माणूस. पुढे आयर्लंडला गेला आणि डोळे पूर्ववत. कसलाही उपाय न करता. परत सांगतो, कसलाही उपाय न करता. १८२७ साली फ्लॉरेन्समध्ये एकाचे दोन दिसू लागले. डॉक्टरांनी ठरवलं, पित्त. कानशिलांना जळवा, जुलाब, ओकाऱ्या, वर दंडातून रक्त काढलं. नजर याही वेळी सुधारली, पण पुढच्या काळात पाय गेले. हा एमएस होता, हे निदान झालं ते विसाव्या शतकात, डायरी वाचून. तारखा होत्या म्हणून! हल्ली फाइली जाडजूड असतात, पण त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तर एमएसमध्ये डोळ्यामागच्या नसेवरचं मायलिन नावाचं संरक्षक आवरण सुजतं, झिजतं. बहुधा एकच डोळा, हलवला की दुखतो, काही दिवसांत अंधुक होतो. दोन्ही डोळे उघडे असले तर पत्ता लागत नाही. म्हणून एक डोळा न दाबता झाका, बाटलीचं लाल झाकण पाहा. मग दुसऱ्याने पाहा. एका डोळ्याला लाल रंग फिका, विटका दिसला तर चष्म्याचा नंबर बदलत बसू नका. नेत्रतज्ज्ञ गाठा, मेंदूचा एमआरआय लागेल.

उपचार बहुधा शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. नजर लवकर येते. शेवटी किती येते, त्यात फारसा फरक पडत नाही. घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र नकोत. १९९२ च्या अमेरिकी चाचणीत नेहमीच्या मात्रेच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास जास्त वेळा उलटला.

ताप, कढत पाण्याची अंघोळ किंवा व्यायामानंतर अंधुक दिसून अंग निवल्यावर साफ दिसलं, तर तो सहसा नवा झटका नसतो. जर्मन डॉक्टर उथॉफ यांनी १८९० मध्येच व्यायामानंतरची ही तक्रार नोंदवली होती.

आणि एकाचे दोन दिसत असतील, एक डोळा झाकताच एकच दिसत असेल, तर तूर्त पट्टी बांधा, आलटून पालटून. पट्टी असताना अंतराचा अंदाज चुकतो, जिना उतरताना कठडा धरा.