पुढची ओळ दुसऱ्याची

(दृश्य: जुन्या टिपणाचं पान. बारीक, दाटीवाटीनं लिहिलेलं अक्षर.)

१८४५ च्या जूनअखेरीस एमिली आणि अ‍ॅन ब्रॉन्टे या दोन बहिणी यॉर्कच्या सहलीला निघाल्या. एमिली २६ वर्षांची, अ‍ॅन २५. दोघींनीच मिळून केलेला हा पहिला लांबचा प्रवास. महिन्याभरानं एमिलीनं त्याचं टिपण केलं. हवा कशी होती, मुक्काम कुठे केला, हे तिनं थोडक्यात उरकलं. पण साऱ्या सहलीत आपण दोघी कोण कोण झालो होतो, त्या पात्रांची नावं मात्र तिनं एकापाठोपाठ एक लिहून काढली. ही पात्रं गोंडल नावाच्या, दोघींनी रचलेल्या राज्यातली. महालातून निसटून राजाच्या पक्षाला जाऊन मिळायला निघालेली.

हा नाद लहानपणचा. १८२६ साली वडिलांनी त्यांच्या भावासाठी लाकडी शिपायांचा संच आणला. चारही भावंडांनी आपापला शिपाई उचलला, त्याला नाव दिलं, आणि त्या शिपायांची नगरं, राज्यं, कटकारस्थानं पुढे वर्षानुवर्षं चालली. मोठेपणी यातल्या तिघी बहिणी इंग्रजीतल्या नामवंत लेखिका झाल्या. रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळणं, म्हटलं की "पोरखेळ" म्हणून नाक मुरडणारे भेटतात, म्हणून आधी ही हकीकत.

(दृश्य: संगणकाचा पडदा. मजकुराच्या चौकटीत लुकलुकणारा कर्सर.)

लिहून खेळायचा रोलप्ले समजायला सोपा आहे. एक पात्र तुमचं. ते काय बोलतं, काय करतं, मनात काय आणतं, हे तुम्ही लिहायचं. समोरचं पात्र दुसऱ्या कुणाचं तरी. तुमची पोस्ट झाली की तुम्ही थांबायचं आणि त्याची वाट बघायची. मग पुन्हा तुमची पाळी. गोष्ट कुठे जाणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक नसतं. एकट्यानं कथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला ही मजा सहसा येत नाही: स्वतःच्याच गोष्टीत पुढे काय होणार याची धाकधूक.

इंटरनेट यायच्या आधी माणसं हे टपालानं करायची. १९६३ साली जॉन बोर्डमन यांनी 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ पत्रांतून सुरू केला. खेळाडू चाली पाठवताना आपापल्या देशाच्या वतीनं ऐटीत खलितेही लिहायचे. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. टेबलाभोवती बसून पात्र वठवण्याच्या खेळाला त्यानं नियमांची पुस्तकं दिली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 'मड' हा संगणकावरचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यानं तो पुढे नेला. चित्र एकही नाही. पडद्यावर फक्त अक्षरं: तुम्ही या खोलीत आहात, इथे हा दिवा आहे, आणि इथे आणखी एक माणूस आहे. तो दुसरा माणूस खरा, दुसऱ्या टर्मिनलवर बसलेला. १९८९ मधल्या 'टायनीमड'नं त्यातली लढाई काढून टाकली. मारामारी गेल्यावर लोक काय करू लागले? जागा रचू लागले आणि गप्पा मारू लागले. आज फोरमवर (चर्चेच्या संकेतस्थळांवर) किंवा डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर जे चालतं, त्याची वंशावळ ही अशी आहे.

(दृश्य: पडद्यावर एकेक अक्षर उमटतं.)

आता एक पोस्ट जवळून बघू. एकानं लिहिलं आहे:

"अंधार पडता पडता जासूद घाटावर पोचला. पाऊस थांबला होता, पण नदी उतरली नव्हती. नाव काठाला बांधलेली, आणि आडोशाला कुणीतरी बसलेलं दिसत होतं. पगडीत लपवलेला खलिता जागेवर आहे ना, हे त्यानं चाचपून पाहिलं आणि हाक दिली, 'पलीकडे सोडशील का? आत्ताच्या आत्ता?'"

नावाड्याचं पात्र नवख्या खेळाडूकडे आहे. त्याला हुरूप आलेला आहे. तो लिहितो:

"नावाडी पूर्वी सेनापती होता. त्यानं एका नजरेत ओळखलं की पगडीत शत्रूचा खलिता आहे. विजेच्या वेगानं झेप घेऊन त्यानं तो हिसकावला. जासूद थरथर कापत गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, 'मला सोड, मी सगळं सांगतो!'"

वाचायला जोरदार आहे. आणि इथेच खेळ बंद पडला.

पगडीतला खलिता वाचकाला माहीत आहे, नावाड्याला नाही. आपण वाचलेलं आपल्या पात्राच्या डोक्यात घालणं याला मेटागेमिंग म्हणतात. झेप घेतली इथवर ठीक. पण ती यशस्वी झाली हे ठरवायचा हक्क जासूद लिहिणाऱ्याचा होता. तो चुकवेल, धडपडेल, कदाचित देऊनही टाकेल. त्याचं तो बघेल. हा हक्क परस्पर बजावला की त्याला गॉडमोडिंग म्हणतात. आणि शेवटचं वाक्य सगळ्यांत वाईट. जासुदाला गुडघ्यांवर आणलं, वर त्याच्या तोंडी शब्दही घातले. जासूद लिहिणाऱ्यानं आता करायचं काय? त्याचं पात्र त्याच्याकडे उरलंच नाही.

तोच प्रसंग, थोडा सबुरीनं:

"नावाड्यानं मान वर केली नाही. 'पाणी बघितलंस?' तो म्हणाला. हाक यायच्या आधी पगडीकडे गेलेला हात मात्र त्यानं पाहिला होता. तो उठला, दोराची गाठ सोडवायला लागला. 'नेईन. पण नावेत पगडी काढून बसायचं. वारा फार आहे.'"

संशय तोच. पण आता जासुदापुढे पेच आहे. पगडी काढावी, सबब सांगावी, जास्त पैसे देऊ करावे की चाकू काढावा, हे त्याचा लेखक ठरवेल, आणि बहुतेक तो ताबडतोब लिहायला बसेल. यात सुंदर वाक्य एकही नाही. तरी ही पोस्ट चांगली आहे, कारण समोरच्याच्या हाती काहीतरी ठेवून ती थांबली. नवीन माणूस भाषेची चिंता करत बसतो. अनुभवी खेळाडू मात्र आधी हे बघतो, की ही पोस्ट वाचून मला काही करता येईल का.

दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही, हा नियम काही नुसता शिष्टाचार नाही.

(दृश्य: काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.)

१९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात 'लॅम्डामू' हे मजकुराचं जग उभं केलं. तिथे 'मिस्टर बंगल' नावानं वावरणाऱ्या एका सदस्यानं एक छोटा प्रोग्रॅम वापरला. या प्रोग्रॅममुळे दुसऱ्यांची पात्रं काहीतरी करताहेत असं सगळ्यांना दिसे. ती पात्रं चालवणाऱ्यांनी मात्र ते लिहिलेलं नसे. भर दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, त्यानं इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराचे प्रसंग लिहिले. १९९३ च्या डिसेंबरात ज्युलियन डिबेल या पत्रकारानं 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये यावर लेख लिहिला आणि तो गाजला. ज्यांची पात्रं वापरली गेली त्यांना त्याचा खराखुरा त्रास झाला होता. सदस्यांनी सभा घेतली, तासन्‌तास वाद घातला, निर्णय झाला नाही. शेवटी एका व्यवस्थापकानं स्वतःच्या जबाबदारीवर ते खातं पुसून टाकलं. नंतर कर्टिस यांनी सदस्यांना प्रस्ताव मांडून मतदान करता येईल अशी पद्धत आणली.

एखाद्या ठिकाणची नियमावली लांबलचक दिसली तर कंटाळू नका. अशा जागी बहुतेक नियमांमागे एखादं भांडण होऊन गेलेलं असतं.

(दृश्य: पात्राची माहिती भरायचा कोरा फॉर्म.)

पात्र कसं घडवायचं, यावर ढीगभर सल्ले मिळतात. माझं मत विचाराल तर फॉर्ममधला सगळ्यांत फसवा रकाना पूर्वेतिहासाचा. नवे खेळाडू त्यातच दमतात. आईबाप लहानपणीच गेले, गाव जळालं, अंगात राजरक्त, एक डोळा निळा एक सोनेरी, आणि तलवारीत हात धरणारा कुणी नाही. या पात्राला दुसऱ्या कुणाची गरजच काय? ते एकटंच कोपऱ्यात गूढ चेहरा करून बसतं, आणि तसं बसलेलं पात्र दर ठिकाणी पाचपन्नास तरी सापडेल.

त्यापेक्षा त्याला आत्ता, या घडीला, असं काहीतरी हवं असू द्या जे एकट्यानं मिळणार नाही. आणि एखादी गोष्ट त्याला धड जमत नसू द्या. उत्तम वैद्य, पण रस्ते लक्षात राहत नाहीत. चोर, पण खोटं बोलताना अडखळतो. अशा पात्रापाशी दुसऱ्या पात्राला थांबायला कारण मिळतं. बाकीचा इतिहास खेळता खेळता सुचतो, आणि तेव्हा सुचलेला जास्त टिकतो.

जागा निवडताना आधी नुसतं वाचा. शेवटची पोस्ट कधीची आहे? लोक दोन ओळी लिहितात की चार परिच्छेद? भूतकाळात, तृतीय पुरुषात लिहितात की "मी दार उघडतो" अशा थाटात? जिथे पानभर लिहितात तिथे एका ओळीचं उत्तर उद्धट वाटतं. जिथे झटपट संवाद चालतात तिथे पानभर लिहिलं तर गाडी अडते. डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी गप्पांचा वेग असतो, फोरमवर एका उत्तराला आठवडाही लागतो. आपला दिवस कसा जातो ते बघून ठरवा. लढाईचा निकाल काही ठिकाणी फाशांवर लावतात, काही ठिकाणी बोलून ठरवतात. ते नियमांत असतंच.

पहिला प्रसंग लहान ठेवा. दोन पात्रं, एक जागा. महायुद्धात उडी घ्यायची घाई नको. तिथे आधीच वीस जण असतात आणि कोण कुठे उभं आहे हे त्यांनाही नीट माहीत नसतं.

पात्राबाहेरचं बोलणं वेगळं ठेवायची रीत आहे. त्याला ओओसी म्हणतात, म्हणजे आऊट ऑफ कॅरॅक्टर, आणि ते बहुधा दुहेरी कंसात लिहितात. या दुहेरी कंसाइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. "उद्यापासून परीक्षा आहे, दहा दिवस येणार नाही." "माझं पात्र आत्ता फार तुसडं वागणार आहे, चालेल ना?" "हे नको, इथून पुढे प्रसंग कापू या." एवढ्या एका ओळीनं वाचलेले थ्रेड, म्हणजे एका प्रसंगाच्या पोस्टांच्या साखळ्या, पुष्कळ, आणि ती न लिहिल्यामुळे बंद पडलेले त्याहून जास्त. पात्रांचं भांडण रंगलं की त्याचा राग माणसांत झिरपतो, आणि मग समोरचा आपल्यावर चिडलाय की आपल्या पात्रावर, हे कळेनासं होतं. विचारून टाकावं.

एक गोष्ट मात्र वाटाघाटीची नाही. प्रौढांसाठीच्या प्रसंगांना वयाची अट असते. ती खोटं वय सांगून ओलांडायची नाही, आणि समोरचा अल्पवयीन आहे अशी शंका आली तर तिथेच थांबायचं. नाव, शाळा, फोन नंबर, फोटो हे पात्राच्या ओळखीवर कुणाला द्यायचं नाही. "हे इथे नको, खासगीत बोलू" असा कुणी सारखा तगादा लावला तर त्या जागेवर देखरेख करणाऱ्या मॉडरेटरला कळवायचं. प्रसंग नको तिथे जात असेल तर दिवा मालवून दुसऱ्या सकाळवर यायची सोय आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

हल्ली कुणी म्हणेल, माणसं कशाला हवीत, चॅटबॉट आहे की. सरावाला हरकत नाही. तो रुसत नाही, रात्री तीनला उत्तर देतो. पण तो बहुधा तुमच्याच कलानं घेतो, आणि "पगडी काढ" म्हणून तुम्हाला पेचात टाकायची हौस त्याला जरा कमीच.

(दृश्य: यादीत खाली खाली सरकलेला जुना थ्रेड.)

बरेच थ्रेड पुरे होत नाहीत. कुणाची नोकरी बदलते, कुणाचा रस आटतो, आणि दोन पात्रं कुठल्यातरी जिन्यावर वाक्याच्या मध्यात राहून जातात. पहिल्यांदा असं होतं तेव्हा वाईट वाटतं. एकदा विचारावं, थोडे दिवस वाट पाहावी, आणि आपलं पात्र उचलून दुसरीकडे न्यावं. त्याला तिथे नवीन कुणीतरी विचारेल, आधी कुठे होतास. मग काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुरुवात कुठून करायची, तर बहुतेक ठिकाणी नव्यांसाठी ओळखीचा विभाग असतो. तिथे दोन वाक्यं पुरतात: मी नवीन आहे, माझं पात्र अमुक आहे, त्याला तमुक हवं आहे, कुणी खेळेल का. नवख्याला सांभाळून घेणारं कुणीतरी अशा ठिकाणी असतंच. आणि पहिली पोस्ट टाकल्यावर दर पाच मिनिटांनी पान रिफ्रेश करू नका. सगळेच करतात, म्हणून आपलं सांगून ठेवलं.