चादरीखालची सुई

श्रोतेहो, नमस्कार. मृत्युदंड कसा अमलात आणायचा, हे अमेरिकेत प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवतं. म्हणून एकाच देशात कुठे इंजेक्शन, कुठे विजेची खुर्ची, कुठे बंदुकीच्या गोळ्या, तर अलाबामात मुखवट्यातून नायट्रोजन वायू.

इंजेक्शनचा कायदा ओक्लाहोमाने १९७७ साली केला. मूळ पद्धत तीन औषधांची. पहिल्याने शुद्ध हरपते, दुसऱ्याने स्नायू लुळे पडतात, तिसऱ्याने हृदय थांबतं. पहिलं औषध नीट लागलं नाही, तर कैद्याच्या अंगाची आग होते आणि दुसऱ्या औषधामुळे त्याला बोटही हलवता येत नाही. बघणाऱ्याला सगळं शांत वाटतं.

सगळी मदार शिरेवर. २९ एप्रिल २०१४ रोजी याच ओक्लाहोमात क्लेटन लॉकेट यांच्या हातापायांत शीर मिळेना, म्हणून जांघेत सुई घातली. ती सव्वा इंचाची. तिथली शीर खोल, तिला लांब सुई लागते. वर चादर पांघरलेली. सुई शिरेतून निसटली, औषध मांसात झिरपून गाठ आली, आणि ती चादरीखाली कुणाला दिसलीच नाही. लॉकेट कण्हू लागले तेव्हा साक्षीदारांसमोरचा पडदा ओढला गेला. पहिलं औषध दिल्यापासून ४३ मिनिटांनी ते गेले.

डॉक्टरांच्या संघटनेची आचारसंहिता या कामात भाग घेऊ देत नाही, त्यामुळे अनुभवी हात मिळणं कठीण. औषधंही आटली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एकमेव उत्पादकाने थायोपेंटल, म्हणजे शुद्ध हरपवणारं ते पहिलं औषध, बनवणं थांबवलं. नेब्रास्काने ते मुंबईच्या एका कंपनीकडून मागवलं होतं. त्या कंपनीनेही पुढे या कामासाठी विक्री बंद केली. मग अनेक राज्यांनी पुरवठादाराचं नाव गुप्त ठेवणारे कायदे केले. माझ्या मते सगळ्यात घातक कायदे हेच. कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालापासून इंजेक्शनला आव्हान देणाऱ्या कैद्यालाच कमी वेदनेचा, उपलब्ध असलेला पर्याय सुचवावा लागतो. औषध कुठून आलं हेच कळू दिलं नाही, तर त्याने न्यायालयात काय मांडायचं?

नायट्रोजनला शीर लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाने तो प्रथमच वापरला. काही सेकंदांत शुद्ध जाईल, असं राज्याने न्यायालयाला सांगितलं होतं. साक्षीदारांना कैद्याचं अंग कित्येक मिनिटं झटके खाताना दिसलं. पुढच्याच महिन्यात आयडाहोत आठ वेळा सुई टोचूनही शीर मिळाली नाही, आणि कैद्याला कोठडीत परत न्यावं लागलं. पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने गोळ्या घालणं हीच मुख्य पद्धत ठरवली, १ जुलै २०२६पासून.