यंदाच्या अंकात जागा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढ लागला, लावणीची घाई सुरू झाली. याच दिवसांत आपल्याकडे आणखी एक धांदल चालते, फक्त ती कुणाला दिसत नाही. दिवाळी अंकांना साहित्य पाठवायची. गणपतीच्या आत बहुतेक अंकांची निवड उरकते, म्हणजे नकारही याच पावसात यायचे.

पूर्वी लेखासोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे आणि कथा त्याच पाकिटातून घरी येई. पत्त्याचं अक्षर आपलंच, त्यामुळे न उघडताच समजायचं. पोस्टमनलाही समजायचं. 'काय वयनी, पाकीट परत इलां वाटता?' असं त्याने खळ्यातून विचारलं की झालं, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला बातमी! ई-मेलमुळे ती शोभा टळली. पण आता पुष्कळदा उत्तरच येत नाही. संपादकांनी निदान दोन ओळी कळवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं संपादकांवर रागवायचंच तर सुरुवात आपल्याच कोकणातल्या माणसापासून करावी लागेल. 1909 साली 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र. त्यांचं मूळ आडनाव आजगावकर!

मी स्वतः लिहिते, आणि आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेलं साहित्य निवडायचं कामही करते. त्यामुळे नकार कसा ठरतो ते जवळून बघते. बऱ्याचदा तो तुमच्या कथेवर ठरतच नाही. अंकाची पानं जाहिरातींवर ठरतात. छपाईचा एक फॉर्म 16 पानांचा. दोन-तीन जाहिरातदारांनी हात आखडता घेतला की एक फॉर्म कमी, आणि 16 पानांतलं सगळं बाहेर. आधी कोण बाहेर जातं? नवख्या नावाची लांबलचक कथा. हे न्याय्य नाही, पण असंच चालतं. म्हणून शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळावी.

दुसरं कारण मात्र आपल्या हातातलं आहे, आणि ते कोकणातल्या लेखकांना मी जरा परखडपणे सांगणार आहे. आमच्याकडे येणाऱ्या कथांत कौलांवरचा पाऊस असतो, फणस फोडणारे आजोबा असतात, आजीची गोधडी असते, आणि मुंबईच्या लेकाची वाट बघत पडवीत बसलेली आई असते. गाडी उशिरा येते. शेवटी एक तर आई जाते, नाहीतर घराला कुलूप लागतं. एकदा एका बैठकीत अशा कथा ओळीने वाचल्या आणि नंतर कुठली आई कुठल्या कथेतली ते मला सांगता येईना. वाईट एकही नव्हती. पण अंकात आई एकच बसते.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाने सातबाऱ्याची गोष्ट पाठवली होती. कलमांची बाग विकायची आहे, सामाईक नावं सतरा, सोळा सह्या झाल्या आहेत. सतरावा चुलतभाऊ बदलापूरला असतो आणि फोन उचलत नाही. मग नायक त्याच्या दारात हापूसची पेटी घेऊन जातो, तर तो पेटी आत घेतो आणि दार लावतो. शुद्धलेखनाबद्दल विचारूच नका, मधली दोन पानं सरळ कापावी लागली. तरी आमच्यापैकी कुणाचंच दुमत झालं नाही. ते दार त्याने पाहिलेलं होतं.

तेव्हा कथा परत आली की चार दिवस रागात जाऊ द्या, ते जाणारच. मग ती घरात मोठ्याने वाचा आणि हातात पेन्सिल ठेवा. जे वाक्य राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणीही लिहिलं असतं, त्याखाली रेघ मारा. सगळं पान रेघांनी भरलं तर संपादकाचं फारसं चुकलं नाही. रेघा थोड्याच असतील, तर कथा दुसरीकडे पाठवा. पण एका वेळी एकाच ठिकाणी. दोघांनीही छापली तर दोन्ही दारं बंद होतात. कुठलं लेखन कुठे, कधी पाठवलं, ते एका वहीत टिपून ठेवा.

नकारांनी कंटाळलेला माणूस आणखी एक गोष्ट करतो: स्वतः पैसे भरून पुस्तक काढतो. काढू नये असं मी म्हणत नाही. पण प्रती विकणार कोण, दुकानांत पोचवणार कोण, हे आधी विचारून घ्या. नाहीतर गठ्ठे माडीवर जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. पुस्तक नाही म्हणून आपण लेखक नाही, असं तर मुळीच समजू नका. मालगुंडला 1866 साली जन्मलेले केशवसुत 1905 साली हुबळीला प्लेगने गेले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. नियतकालिकांतून विखुरलेल्या कविता, एवढंच त्यांच्या गाठीला होतं. आज गणपतीपुळ्याला येणारी माणसं वाट वाकडी करून त्यांचं स्मारक बघायला जातात.

ऑगस्ट उलटला आणि काहीच कळलं नाही, तर संपादकांना फोन करून 'का नाही घेतली?' म्हणून विचारू नका. त्या दिवसांत ते छापखान्यात मुद्रितांत बुडालेले असतात. 'कथा घेणार नसाल तर मी इतरत्र पाठवत आहे,' असा छोटा ई-मेल करा आणि मोकळे व्हा. रविवारच्या पुरवण्यांना, मासिकांना मजकूर वर्षभर लागतो. आकाशवाणीलाही लागतो. नकार मात्र इथूनही येतात, हे आधीच सांगून ठेवते.

नमस्कार.