आधी खणलं, मग खांब ठरले

(काचेची जमीन. खाली भिंती, वर पर्यटकांची पावलं.)

अथेन्समधलं अ‍ॅक्रॉपॉलिस संग्रहालय. अ‍ॅक्रॉपॉलिस म्हणजे प्राचीन मंदिरांची टेकडी, संग्रहालय तिच्या पायथ्याशी. मुख्य मूर्ती वरच्या मजल्यांवर आहेत, पण लोक दारातच थबकतात आणि खाली बघतात. काचेखाली एक अख्खा मोहल्ला आहे. गल्ल्या, घरांच्या भिंती, विहिरी, हौद, न्हाणीघरं. काही इसवी सनापूर्वीच्या, काही थेट बाराव्या शतकापर्यंतच्या.

(टेकडीवरचं जुनं संग्रहालय.)

टेकडीवरचं जुनं संग्रहालय 1874 चं. तिथे जागा पुरेना. 1976 मध्ये पायथ्याचा माक्रियानी भाग नव्या इमारतीसाठी निवडला गेला. आराखड्यांच्या दोन स्पर्धा झाल्या, निष्पन्न काही नाही. 1989 ला तिसरी. तिच्यात इटालियन वास्तुविशारद जिंकले, आराखडा तयार झाला. मग जमीन उकरली, खाली हा मोहल्ला निघाला आणि तो आराखडा बाजूला ठेवावा लागला.

खरं तर पुराणवास्तूंच्या पायथ्याशी जमिनीत काय असणार, हा अंदाज कुणालाही आला असता. क्रमच उलटा होता.

(उत्खनन: ब्रश, दोऱ्या, मातीचे थर.)

नंतर क्रम सुलटा झाला. पुरातत्त्वज्ञ दिमित्रिस पांडरमालिस यांच्या देखरेखीखाली नव्याने काम सुरू झालं. थर उलगडत गेले. घरावर घर, रस्त्यावर रस्ता. एका काचेखाली छोटी मातीची भांडी दिसतात. घर बांधायच्या वेळी पायाच्या खड्ड्यात पुरलेली. आपण वास्तुशांतीला करतो, तसंच काहीसं.

चौथ्या स्पर्धेत वास्तुविशारदांना सांगितलं गेलं की हे अवशेष इमारतीचा भाग असतील. 2001 मध्ये बर्नार्ड चुमी यांची निवड झाली, जोडीला ग्रीसचे मायकेल फोटिआडिस.

(खांब, जवळून. एक भिंत आणि खांब यांमधलं वीतभर अंतर.)

हे अंतर बघा. शंभराहून जास्त काँक्रीटचे खांब आहेत आणि ते कुठे उभे करायचे, हे पुरातत्त्वज्ञांबरोबर जागेवर बसून ठरलं. जिथे विहीर, तिथे खांब नाही. जिथे भिंत, तिथे खांब सरकला. त्यामुळे खालून पाहिलं तर खांबांच्या रांगा कुठे दाट, कुठे विरळ. हा भूकंपाचा प्रदेश, म्हणून खांब आणि वरची इमारत यांच्या मध्ये सरकते आधार बसवलेत. जमीन हलली तरी वरचा भार सावकाश झुलतो.

(आवारातली जुनी दगडी इमारत.)

आवारातली ही इमारत एकोणिसाव्या शतकातलं लष्करी रुग्णालय. तीही ठेवली.

(बाहेरचा रस्ता. रहदारी.)

अवशेषांवर बांधकाम नकोच म्हणून काही लोक न्यायालयात गेले, 2004 च्या ऑलिंपिकची मुदत हुकली, आजूबाजूची काही घरं पाडली गेली. 20 जून 2009 ला संग्रहालय उघडलं.

(नकाशा: एक वर्तुळ, त्याभोवती दुसरं.)

आपल्याकडे 2010 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. नियम चांगला आहे. पण मोजपट्टी स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सुरू होते. तीनशे मीटरपलीकडे नवं कार्यालय, नवं वाचनालय उभं राहताना पायाच्या खड्ड्यात काय निघतं, ते बघायला जेसीबीच्या ड्रायव्हरशिवाय फारसं कुणी नसतं.

(जिना. लोक खाली उतरतात.)

2019 मध्ये, संग्रहालयाला दहा वर्षं झाली तेव्हा, काचेखालचा हा भाग लोकांसाठी खुला झाला. सुमारे 4000 चौरस मीटर. आता काचेवरून डोकवावं लागत नाही, पुलावरून त्या गल्ल्यांच्या मधून चालता येतं.

वरच्या मजल्यावरच्या पार्थेनॉन या अ‍ॅक्रॉपॉलिसवरच्या मंदिराच्या शिल्पांबद्दल पुढच्या भागात.